तिखट कमी, बेल वाजवू नये

त्यांच्या मुलीने शेवटच्या दोन दिवसांत मला दोन फोन केले होते, हे मी त्या बाईंना सहा महिने सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. कुठल्या रंगाच्या झाकणाचं दूध घ्यायचं, कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, नातीच्या लसी कधी आहेत. त्यांच्या फ्रिजवर मी मराठीत याद्या करून लावल्या होत्या. फोनचं एकाही यादीत नव्हतं.

मुलगी बाळंतपणात गेली. २००२ सालची, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतली गोष्ट. तिच्या घरापासून हॉस्पिटल गाडीने आठ मिनिटांवर.

‘बाळंतपणात गेली’ हे आमच्या लहानपणी पुरेसं उत्तर असायचं. नात्यातल्या कुणाची तरी पहिली बायको, कुणाची तरी थोरली बहीण. भिंतीवर तिचा फोटोही नसायचा, कारण काढलेलाच नसायचा. कशाने गेली असं पुढे कुणी विचारत नसे. मी त्याच्या वीस वर्षं आधी अमेरिकेत आले तेव्हापासून हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि ते तिकडेच राहिले अशी माझी समजूत होती. समजूत म्हणजे मी त्यावर कधी विचार केला नव्हता, एवढंच.

आमच्या भागात तेव्हा पुण्या-मुंबईची, नागपूरची बरीच कुटुंबं आली होती. बहुतेक जोडपी तरुण, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायकोच्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही. मुलं होत होती. आई किंवा सासू यायची, सहा महिने राहून बाळंतपण करायची. जिची येऊ शकत नसे तिला आम्ही बाकीच्या बायका सव्वा महिना डबा पोचवायचो. त्या डब्यांची यादी माझ्याकडे. कुणी कुठल्या दिवशी काय करायचं, कुणाच्या घरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आळिवाची खीर कितव्या दिवसापासून, डिंकाचे लाडू कोण करणार. मी एका शाळेच्या ऑफिसात हजेरीचं काम करते, त्यामुळे रकाने आखायला मला वेळ लागत नाही.

आधीच्या वर्षी एका बाळंतिणीकडे फार गोंधळ झाला होता. डबा द्यायला गेलेली प्रत्येक जण बसायची. बाळ बघायची, चहा व्हायचा, आपल्या बाळंतपणाची हकिकत सांगायची. एकीने सर्दी झालेला मुलगा बरोबर नेला. त्या बाळंतिणीने शेवटी बाथरूममध्ये जाऊन मला फोन केला आणि रडली, “काकू, प्लीज यांना घरी पाठवा. मला नुसतं झोपायचंय.” मी दुसऱ्या दिवशी नियम केले. डबा बरोबर बारा वाजता. पायरीवर कूलर, जेवण टिकवायची पेटी, ठेवलेला असेल त्यात ठेवायचा. बेल वाजवायची नाही. बाळंतिणीला फोन करायचा नाही. काही निरोप असला तर माझ्यामार्फत.

नियम सगळ्यांना आवडले. खरं तर बाळंतिणींनाच जास्त आवडले. मलाही ते फार नीट जमले असं वाटत होतं.

ही मुलगी नागपूरची, अठ्ठावीस वर्षांची. पहिलंच बाळंतपण. तिच्या आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. दुसऱ्यांदा नाकारला त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून हसत हसत सांगत होती, “आई तिकडे किलोकिलोने लाडू करून बसली होती, काकू. आता खाणार कोण? बाबा. त्यांचंच बाळंतपण होऊन राहिलंय.” मग डोळे पुसले आणि माझी आमटी चाखून म्हणाली, “ही आमटी आहे की सरबत? तुम्ही पुण्याचे लोक मिरचीला एवढे घाबरता कशाला? ती काय चावते का?”

मी म्हटलं, “सव्वा महिना हेच खायचंय तुला.”

“मग मी बाळाला तुमच्याकडे ठेवते आणि नागपूरला जाते.”

तिच्या आईचा मला फोन आला. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्या निवृत्त झालेल्या. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपायच्या आत सगळं सांगायचं म्हणून त्या भराभर बोलत. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “ताई, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागून राहिली आहे.”

मार्चमध्ये, एका गुरुवारी, मुलगी झाली. शेवटच्या आठवड्यात ब्लड प्रेशर थोडं वर गेलं होतं, मग उतरलं म्हणाले. शनिवारी घरी आली. नवऱ्याला आठवड्याची रजा मिळायची होती, तीन दिवस मिळाली. क्लायंटचं काही अडलं होतं. सोमवारी तो ऑफिसला गेला. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी.

पहिला फोन सोमवारी दुपारी आला. मी शाळेत होते. ती म्हणाली, “काकू, मला जेवण जात नाहीये. इथे बरगडीखाली दुखतंय, उजवीकडे. भाकरी पोटात गेली की जास्तच.” मी विचारलं, काय काय खाल्लं. लसणाची चटणी होती, मेथीची भाजी होती. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी आहे, जिऱ्याचं पाणी घे, मी बघते. आणि मी बघितलं. त्याच मिनिटाला यादीतल्या सगळ्यांना ईमेल केली: उद्यापासून तिखट कमी, तेल कमी, लसूण नको, मुगाचं वरण आणि मऊ भात.

एकीचं सगळ्यांना उत्तर आलं: “नागपूरची आणि तिखट कमी?? डॉक्टरला बोलवा!”

आम्ही सगळ्या हसलो. मी पण हसले. ती ईमेल अजून माझ्याकडे आहे. जिने लिहिली तिने नंतर मला दोनदा विचारलं, ती पुसली का म्हणून. मी हो म्हणाले.

दुसरा फोन मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. “काकू, डोकं फार दुखतंय. कालपासून. गोळी घेतली तरी जात नाही. उजेड डोळ्यांत घुसतो.” बाळ रात्रभर जागवत होतं. घरात थंडी होती, मार्चचा वारा होता, आणि ती दारापर्यंत उघड्या डोक्याने जात असे हे मी शनिवारी स्वतः पाहिलं होतं. मी रागावलेच तिच्यावर. म्हटलं, “तुला सांगितलं होतं ना कान बांध म्हणून? ओल्या अंगाला वारा लागतो. पडदे ओढ, स्कार्फ घट्ट बांध, आल्याचा चहा घे आणि बाळ झोपलं की झोप. टीव्ही बघू नकोस.”

“बघत नाहीये हो. बघवतच नाही.”

“मग झोप.”

“बरं, काकू.”

यादीत शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं: थकवा. बेल अजिबात वाजवू नये.

बुधवारी बारा वाजता जिची पाळी होती तिने डबा कूलरमध्ये ठेवला. आत बाळ रडत होतं. ती पायरीवर थोडी थांबली. तिला वाटलं, घेत असेल आता पाजायला, कशाला उठवा. ती परत गेली. नवरा तीन वाजता लवकर घरी आला, कारण फोन उचलला जात नव्हता. ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. डोक्याला स्कार्फ होता.

अ‍ॅम्ब्युलन्स चार मिनिटांत आली. शुक्रवारी दुपारी सगळं संपलं. डॉक्टर, एक मध्यमवयीन बाई, तिच्या नवऱ्याला समजावत होत्या आणि मी शेजारी बसून ऐकत होते, कारण त्याला इंग्रजी कळेनासं झालं होतं. बाळंतपणानंतरही ब्लड प्रेशर असं चढू शकतं, त्या म्हणाल्या. मेंदूत रक्तस्राव झाला. मग त्यांनी विचारलं, “तिचं डोकं दुखत होतं का? डोळ्यांना त्रास? इथे, बरगडीखाली?”

तो म्हणाला, “डोकं थोडं दुखत होतं. बाळामुळे झोप नव्हती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कदाचित पाहिलंही नसेल. मी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात बाळाचे कागद शोधताना मला हॉस्पिटलने दिलेली फाइल सापडली. बाळाच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात होती. त्यात गुलाबी कागदावर एक यादी होती: यांपैकी काहीही झालं तर लगेच फोन करा, थांबू नका. न जाणारी डोकेदुखी. डोळ्यांसमोर ठिपके, उजेड सहन न होणं. उजव्या बरगडीखाली दुखणं. चेहरा, हात सुजणं. आठ ओळी होत्या. मी आयुष्यभर इतरांसाठी याद्या केल्या आणि मला आलेली प्रत्येक यादी वाचली. ही मागितलीसुद्धा नव्हती.

तिच्या आईला आता व्हिसा मिळाला. दोन दिवसांत मिळाला. बॉस्टनच्या विमानतळावर मीच घ्यायला गेले. त्यांच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. केले होतेच, म्हणाल्या, आणि मग त्यांना कळेना की डबा कुणाकडे द्यायचा.

गाडीत बसल्या बसल्या मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पहिल्या आठवड्यात वाटलं, आत्ता कसं. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आता कशाला. त्या बाळाचं सगळं करत होत्या. रात्री जागायच्या, दिवसा डुलक्या घ्यायच्या. जावई ऑफिसातून आला की दोघं एकमेकांशी फारसं न बोलता जेवायची. मी सोमवार, बुधवार, शनिवार जायचे. किराणा, डॉक्टर, बाळाचा पासपोर्ट. त्या मला दर वेळी तेच विचारायच्या, “शेवटी काही म्हणाली होती का ती?” मी म्हणायचे, “थकली होती.” आणि घरी येऊन तासभर काही करत नसे. नुसती टेबलाशी बसायचे, जॅकेटसुद्धा न काढता.

आमच्या शाळेच्या किचनमध्ये घानाची एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. जून महिन्यात एकदा दुपारी तिनेच विचारलं, काय झालंय तुला, तीन महिने बघते आहे. मी तिला सांगितलं. फोनसकट. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ती ट्रे पुसत होती, पुसत राहिली. म्हणाली, तिची मोठी बहीण अशीच गेली. तिचंही डोकंच दुखत होतं. आईने पाल्याचा लेप लावला. सकाळी लॉरी मिळाली तोपर्यंत उशीर झाला होता, पावसाने रस्ता गेला होता. मग ती म्हणाली, “तुमच्याकडे रस्ता होता.” टोमणा नव्हता तो. ती नुसता हिशोब जुळवत होती, तिकडे काय नव्हतं आणि इकडे काय होतं याचा. मी घरी आले आणि त्या दिवशीही जॅकेट न काढता बसले. जूनमध्ये जॅकेट घालून गेले होते हेही तेव्हाच लक्षात आलं.

डब्याची यादी मात्र थांबली नाही. मे महिन्यात एक बाळंतपण होतं, जुलैत दोन. मी नियम उलटे केले. बेल वाजवायचीच. आत जायचं. तिच्या तोंडाकडे बघायचं. गुलाबी कागदावरच्या आठही ओळी विचारायच्या आणि कागदावर खुणा करायच्या. तरुण मुली कंटाळायच्या. “काकू, आय अ‍ॅम फाइन, खरंच.” “काकू, तुम्ही नर्स आहात का, यार?” एक तर दार किलकिलं करून आतूनच म्हणाली, “डोकं नाही, डोळे नाही, पोट नाही. झालं?” मी म्हटलं, “हात दाखव. सूज आहे का बघू दे.” तिने फटीतून हात बाहेर काढून दाखवला. यातल्या एकीला ऑगस्टमध्ये मी स्वतः गाडीत घालून नेलं, ब्लड प्रेशर नॉर्मल निघालं, चार तास वाया गेले, तिच्या सासूने मला नंतर नमस्कारसुद्धा केला नाही. ठीक आहे. माझं त्याने काही हलकं झालं नाही आणि जडही झालं नाही.

सप्टेंबरात नागपूरच्या बाईंचे व्हिसाचे सहा महिने भरले. ठरलं असं की बाळ आजीबरोबर नागपूरला जाईल, तीन वर्षांचं होईपर्यंत तिथे राहील. जावयाला एकट्याला जमण्यासारखं नव्हतं, त्याने प्रयत्नही केला नाही आणि त्याला कुणी दोषही दिला नाही. शनिवारी विमान होतं. गुरुवारी दुपारी मी सामान भरायला गेले. जावई कामावर होता. बाळ गादीवर झोपलं होतं. वजनकाटा, चिकटपट्टी, यादी सगळं घेऊन गेले होते.

दोन बॅगा भरून झाल्या. तिसरीत त्यांच्या मुलीचे कपडे जायचे होते. त्यांनी कपाटातून एक एक काढून माझ्या हातात दिला, मी घडी घालून ठेवला. साड्या, दोन स्वेटर, पंजाबी ड्रेस. मग एक स्कार्फ आला. निळसर, साधा, रूट नाइन हायवेवरच्या दुकानातला. हॉस्पिटलने प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिलेल्या सामानातला. मला त्याची घडी घालता येईना.

“काय झालं, ताई?”

मी सांगितलं. बसून नाही, उभ्या उभ्याच सांगितलं, जसं शाळेत पालकांना सांगतो तसं, क्रमाने. सोमवारी फोन आला, ती हे म्हणाली, मी ते म्हणाले. मंगळवारी फोन आला. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. शेऱ्यात काय लिहिलं. बुधवारी दारात आलेली बाई का परत गेली, तो नियम कुणाचा होता. “मी तिला रागावले,” मी म्हटलं. “हॉस्पिटल आठ मिनिटांवर होतं आणि मी तिला कान बांध म्हणाले.”

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मला वाटलं त्या मला जायला सांगतील, आणि खरं सांगते, मी पर्स कुठे ठेवली आहे तेही मनात बघून घेतलं.

“मंगळवारी किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“दहा. सकाळी.”

“म्हणजे आमच्याकडे रात्र झाली असेल.” त्यांनी बोटांवर मोजलं. शिक्षिकेची सवय. “मला तिने त्याच्या आधी केला होता. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. डोकं दुखून राहिलं म्हणाली. मी म्हटलं, कान बांधले का? नाही म्हणाली. मी म्हटलं, काहून नाही? आई जवळ नाही म्हणून वाऱ्यात हिंडून राहिली का?” त्या थांबल्या. “मग तिने तुम्हाला केला.”

मी स्कार्फ तसाच हातात धरून त्यांच्या शेजारी बसले.

“लहानपणापासून कधी माझं एक ऐकलं नाही तिने,” त्या म्हणाल्या. “स्वेटर घाल म्हटलं की काढायची. आणि त्या दिवशी दोघींचं ऐकलं.”

नंतर आम्ही दोघी रडलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही दोघी इतक्या दमलो होतो की काहीच केलं नाही. त्यांनी माझ्या हातातून स्कार्फ घेतला आणि बॅगेत टाकला, घडी न घालता. मी बॅग काट्यावर ठेवली. बावीस किलो भरली. सहा महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. जावयालाही नाही. दर वेळी मला विचारायच्या, शेवटी काही म्हणाली का, तेव्हा त्यांना काय ऐकायचं होतं ते मला आत्ता कळत होतं.

“तो गुलाबी कागद आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

पर्समध्ये होता. कायम असतो.

“इंग्रजीत आहे. मराठीत करून द्या. आमच्या शेजारच्यांची सून सातव्या महिन्यात आहे.”

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि लिहायला घेतलं. त्या समोर बसून बघत होत्या. न जाणारी डोकेदुखी, मी लिहिलं. त्या म्हणाल्या, “अक्षर मोठं काढा. तिची सासू चष्मा लावत नाही.” मी दुसरा कागद घेतला. ‘उजव्या बरगडीखाली दुखणं’ यावर त्यांनी बोट ठेवलं. “इथे लिहा, हे अपचन नाही.” मी लिहिलं. आठ ओळी झाल्या तशी मी पेन ठेवलं, पण त्यांचं झालं नव्हतं.

“कान बांधण्याचं?”

“बांधू नका असं लिहू?”

“नको. मग ती सासू पुढचं काही वाचणारच नाही. फेकून देईल.” त्यांनी विचार केला. “लिहा, कान खुशाल बांधा. पण दवाखान्यात जाताना, रिक्षात बसून बांधा.”

मी तसंच लिहिलं. त्यांनी कागद घेतला, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, वर्गात वाचतात तसा, आणि दोन ठिकाणी माझ्या वेलांट्या सुधारल्या. मग म्हणाल्या, अजून तीन प्रती करा. गल्लीत आणखी कुणाकुणाकडे सुना आहेत ते त्या आठवून सांगत होत्या आणि मी दुसरी प्रत लिहीत होते, तेवढ्यात आत बाळ उठलं.